जेल स्पिनिंग आणि अतिमजबूत पॉलिथिलीनचा धागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन वाटांनी येत असतात. गोव्यातील फर्मागुडीच्या बाजूचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पाच्या हंगामात विचारतात, आणि मालीम, शापोरा, कुटबण या तिथल्याच मासेमारी जेटींवरचे ट्रॉलरमालक नवा पांढरा दोर विकत घेण्यापूर्वी, बहुतेक वेळा घेतल्यानंतर, विचारतात. दोघांची भाषा निराळी असली तरी चौकशी एकाच वस्तूची असते, म्हणून उत्तरे एकत्र दिली आहेत. धागा कसा तयार होतो ते आधी आले आहे. वापरातील अडचणी प्रश्न ९ पासून पुढे आहेत.

१. हा धागा नेमका कशाचा असतो? दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकशी त्याचा काही संबंध आहे का?

संबंध आहे, आणि तो सख्खा आहे. दुधाची पिशवी, गच्चीवरची पाण्याची टाकी आणि हा धागा ही तिन्ही पॉलिथिलीनचीच रूपे आहेत. तिन्हींत कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज सांगण्यासारखे काही नाही. मुख्य फरक आहे तो रेणूंच्या साखळीच्या लांबीचा. नेहमीच्या उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचा रेणुभार काही दहा हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत असतो, तर या धाग्यासाठी लागणाऱ्या भुकटीचा रेणुभार साधारण ३० ते ६० लाख असतो. ३० लाखांची साखळी घेतली तर तिच्यात इथिलीनची एक लाखाहून अधिक एकके येतात, आणि ती पूर्ण सरळ केली तर सुमारे २७ मायक्रोमीटर लांब भरते. जाडी मात्र जेमतेम अर्धा नॅनोमीटर. हीच साखळी तीन मिलिमीटरच्या सुतळीएवढी जाड कल्पिली, तर तिची लांबी दीडशे मीटरांच्या पुढे जाईल. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या कृत्रिम सांध्यांतही हीच भुकटी वापरतात, पण तेथे ती दाबून ठोकळा केलेली असते, त्यामुळे तिला धाग्याची ताकद नसते.

२. पदार्थ तोच असेल, तर एवढी ताकद येते कोठून?

साखळीच्या लांबीच्या दिशेने कार्बन-कार्बन बंध असतात, आणि ते अतिशय बळकट असतात. शेजारच्या दोन साखळ्यांमध्ये मात्र केवळ दुबळे आकर्षण असते. साध्या प्लास्टिकमध्ये साखळ्या घड्या पडलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे ओढ बसली की भार मुख्यत्वे त्या दुबळ्या आकर्षणावर येतो आणि पदार्थ लांबतो किंवा फाटतो. सगळ्या साखळ्या सरळ आणि समांतर लावता आल्या, तर पॉलिथिलीनच्या स्फटिकाचा ताठपणा २३५ ते ३०० गिगापास्कलच्या दरम्यान निघतो. पोलादाचा सुमारे २०० असतो. म्हणजे पिशवीच्या द्रव्यात पोलादाला मागे टाकण्याची क्षमता मुळातच असते, ती बाहेर काढण्याचा मार्ग तेवढा हवा असतो.

मग साखळी इतकी लांब कशाला हवी, असे विद्यार्थी लगेच विचारतात. त्यासाठी काथ्याचा सुंभ डोळ्यांसमोर आणावा. नारळाच्या सोडणातला तंतू वीतभर असतो, तरी शेजारच्या तंतूंना धरून धरून त्याचा वीस वाव सुंभ होतो. तंतू बोटभरच असते तर सुंभ ओढताच सुटला असता. साखळ्यांचेही तसेच आहे: शेजाऱ्याशी असलेले दुबळे आकर्षण लांबीभर साठत जाते, आणि साखळी पुरेशी लांब असेल तर ती निसटण्यापूर्वी भार घेते. पुरेशी ओढ आणि पुरेसा वेळ मिळाला तर ती निसटतेही. त्याचे परिणाम प्रश्न ९ आणि ११ मध्ये आले आहेत.

३. नायलॉनप्रमाणे वितळवून चाळणीतून धागा का काढत नाहीत?

कारण ही भुकटी वितळते, पण वाहत नाही. लांब साखळ्यांच्या पॉलिमरच्या वितळलेल्या रसाचा दाटपणा रेणुभाराच्या सुमारे ३.४ व्या घाताने वाढतो. रेणुभार वीसपट केला, तर दाटपणा वीसपट न वाढता सव्वीस हजार पटींच्या आसपास जातो. असा रस बारीक छिद्रांतून ढकलणे व्यवहारात शक्य नसते. आणि समजा ढकललाच, तरी त्यातील साखळ्यांमध्ये इतक्या गाठी असतात, की पुढे धागा ताणायला गेल्यास तो थोडासा लांबून तुटतो. म्हणून दाटपणापेक्षा गुंता ही मोठी अडचण समजावी.

४. जेल स्पिनिंग म्हणजे काय? प्रक्रिया सुरुवातीपासून सांगाल का?

प्रथम भुकटी योग्य द्रावकात, ऑक्सिडीकरणाला आळा घालणारे द्रव्य थोडे मिसळून, कालवून घेतात. हे कालवण दोन मळसूत्रांच्या एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे घोटून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, जाते आणि तेथे द्रावकानुसार साधारण १३० अंश सेल्सिअसच्या वर तापून एकजीव होते. येथे घाई केली तर कण बाहेरून फुगून एकमेकांना चिकटतात आणि आत कोरडेच राहतात, पिठल्यात गुठळ्या व्हाव्यात तसे. फार वेळ घोटले तर लांब साखळ्या तुटून रेणुभार उतरतो. या दोहोंच्या मधली वेळ साधणे हे त्या यंत्रावरच्या माणसाचे खरे कसब.

पुढे मोजून रस देणारा पंप हे गरम द्रावण स्पिनरेटच्या, म्हणजे धागा काढण्याच्या चाळणीच्या, बारीक छिद्रांतून बाहेर काढतो. शिरवळ्या पाडताना साच्याखाली ताट धरतात, येथे हवेच्या लहानशा फटीनंतर थंड पाणी असते किंवा थंड वायूचा झोत असतो. थंड होताच पॉलिथिलीन जागच्या जागी स्फटिकरूप घेते आणि द्रावक त्याच्या जाळ्यात कोंडला जातो. हेच ते जेल. चायनाग्रास निवल्यावर पाणी धरून ठेवते, तसाच हा प्रकार आहे. या अवस्थेतला तंतू ओला, लवचीक आणि दिसायला दुधी असतो. त्याच्या वजनाचा नऊ-दशांश किंवा त्याहून अधिक भाग द्रावकाचा असतो आणि ताकद फारशी नसते.

त्यानंतर द्रावक काढून घेतात (प्रश्न ६) आणि तंतू गरम भट्ट्यांतून टप्प्याटप्प्याने ताणतात (प्रश्न ७). ताकद प्रत्यक्षात येते ती या शेवटच्या पायरीत. अलीकडच्या सगळ्या पायऱ्या तंतू इतका ताणता यावा एवढ्याचसाठी असतात.

५. द्रावण जितके पातळ तितका गुंता कमी, मग ते आणखी पातळ का करत नाहीत?

हा या पानावरचा सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि तो बहुधा परीक्षेत चुकलेला विद्यार्थी विचारतो. गुंता अजिबात नको, असे नसते. दोन साखळ्यांमधील थोड्या गाठी ताणताना ओढ एकीकडून दुसरीकडे पोहोचवतात. द्रावण फारच पातळ केले तर साखळ्या एकमेकींना भेटतच नाहीत. थंड केल्यावर सलग जेल न बनता पांढरा गाळ खाली बसतो, आणि त्याचा धागा निघत नाही. फार दाट ठेवले तर प्रश्न ३ मधील अडचण परत येते. म्हणून प्रमाण रेणुभार पाहून ठरवतात: साखळी जितकी लांब, तितके द्रावण पातळ चालते. साधारणपणे ते काही टक्क्यांपासून दहा टक्क्यांच्या आसपासपर्यंत असते.

त्यात हिशेबाचीही बाजू आहे. द्रावणात आठ टक्के पॉलिमर असेल, तर एक किलो धाग्यामागे साडेअकरा किलो द्रावक फिरवावा लागतो. त्यातला ९९ टक्के परत मिळवला तरी दर किलो धाग्यामागे एकशे पंधरा ग्रॅमच्या आसपास द्रावक हातचा जातो. कारखानदाराला द्रावण दाट हवे असते आणि धागा तपासणाऱ्याला पातळ हवे असते; त्यांचे भांडण प्रत्येक ठिकाणी असतेच.

६. द्रावक कोणता वापरतात, आणि ‘कोरडी’ व ‘ओली’ पद्धत म्हणजे काय?

दोन पद्धती रूढ आहेत. कोरड्या पद्धतीत डेकॅलिन हा उडून जाणारा द्रावक असतो. तंतू गरम नायट्रोजनच्या झोतातून नेला की डेकॅलिन वाफ होऊन निघतो, आणि ती वाफ थंड करून पुन्हा वापरतात. ओल्या पद्धतीत पॅराफिन तेल असते. ते उडत नाही, म्हणून दुसऱ्या, सहज उडणाऱ्या द्रावकाने तंतू धुऊन तेल काढावे लागते आणि मग तो दुसरा द्रावक वाळवावा लागतो. या धुण्यासाठी पूर्वी फ्रिऑन ११३ वापरात होता. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचे दिवस भरले आणि हेक्झेन, डायक्लोरोमिथेन यांसारखे पर्याय आले.

कोरड्या पद्धतीत पायऱ्या कमी असतात, पण डेकॅलिनची वाफ ६० अंशांच्या आतच पेट घेऊ शकते, त्यामुळे सगळी यंत्रणा बंदिस्त आणि ऑक्सिजनविरहित ठेवावी लागते. ओल्या पद्धतीत तेल स्वस्त आणि तुलनेने निर्धोक असते, मात्र धुण्याचे काम वाढते आणि धाग्यात तेलाचा अंश राहण्याची शक्यता असते.

७. ताणताना धागा तुटत कसा नाही? किती ताणतात?

साध्या उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचा धागा पाच ते दहा पट ताणला जातो. जेलपासून आलेला तंतू तीस पटींपासून शंभर पटींपर्यंत जाऊ शकतो. गुंता विरळ असल्यामुळे स्फटिकांतील घड्या उलगडतात आणि साखळी न अडकता सरळ होते. तापमान साधारण १२० ते १५० अंशांच्या दरम्यान, वितळबिंदूच्या जरा खाली ठेवतात, आणि ताण वाढेल तसे टप्प्याटप्प्याने वाढवतात, कारण सरळ झालेल्या साखळ्यांचा वितळबिंदूही वर सरकतो. तापमान कमी पडले तर तंतू तुटतो. जास्त झाले तर साखळ्या सरळ न होता नुसत्या एकमेकींवरून घसरतात, धागा लांबतो पण ताकद वाढत नाही. लांबी मोजून समाधान मानणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

द्रावक काढून टाकल्यानंतरही तंतू तेवढाच ताणता येतो, हे अनेकांना नवल वाटते. द्रावकाचे काम गुंता विरळ करण्याचे असते. थंड होताना स्फटिक बनले की ती विरळ मांडणी गोठून राहते, आणि मग द्रावक असो वा नसो. ती पुसली जाते फक्त धागा वितळला की (प्रश्न १५).

८. याचा शोध कोणी लावला?

नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठात आल्बर्ट पेनिंग्स आणि त्यांचे सहकारी ढवळत्या पातळ द्रावणातून पॉलिथिलीनचे मजबूत तंतू वाढवत होते, पण ते काम अतिशय संथ होते. त्याच देशातील डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७९-८० च्या सुमारास द्रावण कातून, जेल करून, मग ताणण्याचा मार्ग दाखवला. अमेरिकेत अलाइड कंपनीने १९८० च्या दशकात असा धागा ‘स्पेक्ट्रा’ या नावाने बाजारात आणला. डीएसएमच्या ‘डायनीमा’चे व्यापारी उत्पादन हेर्लेन येथे १९९० मध्ये सुरू झाले. डायनीमाचा व्यवसाय २०२२ मध्ये अॅव्हिएंट कंपनीकडे गेला. जेटीवर ‘डायनीमा’ हा शब्द आता कोणत्याही पांढऱ्या घसरड्या दोराला लावतात. त्याविषयी प्रश्न १६ पाहावा.

९. दोराला मारलेली गाठ सुटते. दोर खराब आहे का?

दोर बहुधा चांगलाच असतो. पॉलिथिलीनचे घर्षण अतिशय कमी असते, आणि गाठ तर घर्षणावरच टिकते. मी स्वतः हा धडा मालीमच्या जेटीवर घेतला. आठ मिलिमीटरच्या नव्या दोराला नेहमीची फासगाठ मारून तो खुंट्याला अडकवला आणि दुसरे टोक विंचवर दिले. गाठ झटक्यात सुटली नाही. ओल्या हातातून बांगडा निसटावा तसे तिचे मोकळे टोक इंचाइंचाने आत सरकत गेले आणि शेवटी दोर शांतपणे पाण्यात पडला. बाजूला उभ्या असलेल्या तांडेलाने काही न बोलता दोराचे टोक पुन्हा माझ्या हातात दिले.

शिवाय गाठीत धागा तीव्र वाकतो, आणि आडव्या दाबाला हा धागा कमकुवत असतो, त्यामुळे न सुटणारी गाठ मारली तरी निम्म्याहून अधिक ताकद जाऊ शकते. योग्य उपाय म्हणजे दोराचे टोक त्याच्याच पोकळ विणीत ओवून डोळा करणे. आत जाणारी लांबी दोराच्या व्यासाच्या सत्तर पटींच्या आसपास ठेवतात. आठ मिलिमीटरच्या दोराला ती अर्ध्या मीटरहून अधिक होते. टोक निमुळते करून शिवून घ्यावे. खुंट्यावर किंवा विंचच्या ढोलावर नायलॉनपेक्षा जास्त वेढे द्यावेत.

१०. उन्हात, खाऱ्या पाण्यात आणि विंचच्या घर्षणात तो किती टिकतो?

खाऱ्या पाण्याची काळजी नको; हा धागा पाणी शोषत नाही, कुजत नाही आणि बहुतेक आम्ल-अल्कलींना दाद देत नाही. उन्हाने बाहेरचे तंतू हळूहळू निबर होतात, मात्र आतील तंतूंना बाहेरच्यांची सावली मिळते. लेप दिलेला दोर अधिक टिकतो.

खरे वैर उष्णतेशी आहे. धागा १५० अंशांच्या आसपास वितळतो, आणि सतत भाराखाली तो ७० अंशांच्या खाली ठेवावा असे सांगतात. फिरत्या ढोलावर दोर घसरत राहिला तर पृष्ठभागावर काही क्षणांत त्याहून अधिक तापमान होते आणि तंतू चकचकीत होऊन एकमेकांना चिकटतात. असा काचेसारखा पट्टा दिसला की तेवढा भाग कापून टाकावा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. या दोराचे उलटे आहे, तो जळण्याच्या पुष्कळ आधी, नुसत्या तापण्यानेच, आपला पीळ हरवून बसतो.

११. महिनाभर ताणून ठेवलेला दोर लांबला आहे. फसवणूक झाली का?

दोन शक्यता आहेत. नवा विणलेला दोर पहिल्या काही खेचांत ‘बसतो’: पेड घट्ट होतात आणि लांबी थोडी वाढून थांबते. हे सर्वच विणलेल्या दोरांत होते. वाढ थांबत नसेल, तर तो क्रीप, म्हणजे कायम भाराखाली साखळ्यांचे सावकाश सरकणे. प्रश्न २ मधील दुबळे आकर्षण येथे आडवे येते. भार आणि तापमान वाढले की क्रीप वेगाने वाढतो, म्हणून मे महिन्यात तापलेल्या पोलादी डेकवर ताणून ठेवलेला दोर पावसाळ्यातल्यापेक्षा लवकर लांबतो. साखळीला लहान फांद्या असलेले, कमी सरकणारे प्रकार मिळतात, पण ते महाग पडतात. कायमचा ताण असलेल्या ठिकाणी जाड दोर घ्यावा किंवा पॉलिएस्टर वापरावे. ओढून सोडण्याच्या कामात क्रीप सहसा जाणवत नाही.

१२. ‘पोलादापेक्षा पंधरा पट मजबूत’ हे खरे आहे का?

वजनाच्या तुलनेत खरे ठरू शकते, जाडीच्या तुलनेत मुळीच नाही. धाग्याची ताकद ३ ते ४ गिगापास्कल असते. चांगल्या पोलादी तारेची २ च्या आसपास. म्हणजे समान जाडीला दीडपट ते दुप्पट. घनता मात्र धाग्याची ०.९७ आणि पोलादाची ७.८५ आहे. हवेत उभी टांगलेली वस्तू स्वतःच्याच वजनाने कोणत्या लांबीला तुटेल, हा हिशेब केला तर साडेतीन गिगापास्कलच्या धाग्यासाठी सुमारे ३६८ किलोमीटर येतात आणि त्या पोलादी तारेसाठी सुमारे २६. गुणोत्तर चौदा. साध्या पोलादाशी तुलना केली की जाहिरातदाराचा आकडा आणखी फुगतो. दोर वळताना आणि विणताना धाग्याची बरीच ताकद खर्च होते, म्हणून खरेदी करताना धाग्याचा आकडा न पाहता तयार दोराचा तुटभार पाहावा.

१३. केवलार आणि हा धागा एकच का?

नाही. केवलार हे अरामिड नावाच्या वेगळ्याच पॉलिमरचे आहे. त्याच्या साखळ्या मुळातच ताठ असतात आणि सल्फ्युरिक आम्लातील द्रावणात आपोआप एका दिशेने लागतात, त्यामुळे त्यांना एवढे ताणावे लागत नाही. तो पाण्यात बुडतो, उष्णता पुष्कळ सहन करतो आणि उन्हाने लवकर खराब होतो. पॉलिथिलीनची साखळी लवचीक असल्यामुळे तिला जेलच्या वाटेने न्यावे लागते.

१४. मासेमारीच्या जाळ्यासाठी हा धागा परवडतो का? आणि त्याचा कारखाना गोव्यात काढता येईल का?

जाळ्याचे आधी. धागा बारीक घेता येतो, त्यामुळे पाण्याचा अडथळा कमी होतो आणि तेवढ्या प्रमाणात डिझेल वाचते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशा जाळ्यांवर काम केले आहे. किंमत मात्र नेहमीच्या जाळ्याच्या कितीतरी पट असते, आणि जाळ्याच्या गाठींना प्रश्न ९ मधील दोष लागू होतो, म्हणून दुहेरी गाठी किंवा लेप हवा. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत जाळे नव्याने बांधायचे असेल, तर माझ्या मते ट्रॉलच्या वरच्या भागापासून सुरुवात करावी. वाळूवर आणि शिंपल्यांवर घासणारा खालचा भाग स्वस्त धाग्याचाच असू द्यावा. रापणीला तर हा दोर नकोच. रापण हाताने ओढायची असते, आणि बारीक घसरडा दोर ओढणाऱ्यांचे तळहात कापील.

कारखान्याविषयी विचारणारे वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत गाळा पाहूनच आलेले असतात. धागा कातण्याचे युनिट लहान प्रमाणावर काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्न ५ मधील द्रावकाचा हिशेब आणि प्रश्न ६ मधील आगीचा धोका पाहता, द्रावक परत मिळवणारी यंत्रणा कातण्याच्या यंत्रणेपेक्षा मोठी होऊन बसते आणि भांडवल तिच्यातच अडकते. तयार धागा आणून दोर विणणे, त्याला लेप देणे आणि डोळे ओवून देणे हे काम मात्र लहान गाळ्यात होते, आणि बंदरे व जहाजबांधणी जवळ असल्यामुळे गिऱ्हाईकही येथेच आहे.

१५. जुना दोर वितळवून पुन्हा तसाच धागा करता येईल का?

नाही. वितळताच साखळ्या पुन्हा एकमेकींत गुंततात आणि जेलने केलेली सगळी कमाई जाते. वितळलेला रस प्रश्न ३ मधल्याप्रमाणे वाहतही नाही. सिद्धान्ततः तो पुन्हा द्रावकात विरघळवता येतो, पण मधल्या काळात ऊन आणि उष्णता यांनी साखळ्या तुटलेल्या असतात. मुळातच कमी गुंता असलेली भुकटी बनवून, द्रावकाशिवाय, न वितळवता दाबून आणि ताणून पट्टी काढण्याची वाट निघाली आहे. तेजिन कंपनीची ‘एंड्युमॅक्स’ ही पट्टी त्या जातीची. तीही एकदा वितळली की संपली.

१६. विकत घेतलेला दोर खरा आहे की साधा, हे घरी कसे ओळखावे?

पाण्यात तरंगतो एवढ्यावर विश्वास ठेवू नये. साधे पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीनही तरंगतात. बुडला तर तो नायलॉन किंवा पॉलिएस्टर आहे, एवढेच कळते. रंगावरूनही ठरवू नये: हा धागा नेहमीचे रंग धरत नाही, त्यामुळे रंगीत दोरावर बहुधा रंगीत लेप असतो किंवा कातण्यापूर्वीच रंगद्रव्य मिसळलेले असते.

दोराचा एक पेड उसवून त्यातील बोटभर तंतू काढावेत, चिमट्यात सैल धरून लायटरच्या ज्योतीजवळ, ज्योतीत नव्हे, न्यावेत. साधे पॉलिथिलीन मऊ होऊन मेणासारखे ठिबकते. खरा धागा झपाट्याने आक्रसतो, पारदर्शक होतो, त्याची लहान टणक गोळी होते आणि ती ठिबकत नाही. दुसरी खूण कोयत्याची आहे: साधा दोर एका घावात तुटतो, आणि याचे तंतू पात्याखालून बाजूला सरकून उभे राहतात. चाचणी उघड्यावर करावी आणि ट्रॉलरच्या डिझेलच्या टाकीपासून दूर करावी; एकाने मला ती केबिनमध्ये करून दाखवली होती.